कचेरीतली शिकाऊ उमेदवारी : पदविकेनंतरचे एक वर्ष

आपल्या समाजातील मुले-मुली अभियांत्रिकीची पदविका वा पदवी घेऊन बाहेर पडत आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु त्यानंतर जे एक वर्षाचे शिकाऊ उमेदवारीचे प्रशिक्षण मिळते त्याविषयी घरोघरी पुरेशी माहिती नाही. त्यातही मुलाची नेमणूक कारखान्यात किंवा बांधकामावर न होता कचेरीत, म्हणजे संकल्पचित्र विभागात झाली, की आईवडील हिरमुसतात. "इंजिनिअर होऊन कारकुनासारखा टेबलापाशी बसतो," असे उद्गार रविवारच्या वंदनेनंतर विहारात आम्ही एकाहून अधिक पालकांच्या तोंडून ऐकले आहेत. आम्ही स्वतः बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे त्यातील 'कारकून' शब्दाचे आम्हांला वाईट वाटत नाही. पण या गैरसमजापायी काही मुलांनी वर्ष अर्धवट सोडले, म्हणून हे लिहिणे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली झाला. प्रारंभी तो कारागिरी व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधर अभियंते त्यात आले आणि कारागिरी व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे कलमही आले. पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीव येथे आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन पदवीधरास दरमहा ९,००० व पदविकाधरास ८,००० रुपये ठरले. हे विद्यावेतन आहे, पगार नव्हे. कायद्याच्या लेखी उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. परगावाहून येऊन मुंबईत राहणाऱ्या मुलाचे एवढ्यात भागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता कचेरीत शिकायचे काय, ते पाहू. स्थापत्य शाखेचेच उदाहरण घेऊ. इमारत उभी राहते ती आधी कागदावर. वास्तुविशारदाचा नकाशा येतो, त्यावरून खांब, तुळया व स्लॅब यांचे गणित मांडले जाते, मग कोणती सळी कोठे, किती अंतराने, हे दाखवणारा नकाशा निघतो. समजा, ३ मीटर रुंदीच्या स्लॅबमध्ये १० मिलिमीटर जाडीच्या सळ्या १५० मिलिमीटर अंतराने हव्या आहेत. कडेचे आच्छादन सोडून दिले तर २० गाळे, म्हणजे २१ सळ्या. नकाशावर १५० च्या जागी २०० पडले, तर १५ गाळे आणि १६ सळ्या. पाच सळ्या कमी झाल्या! सळ्या बांधणारा फिटर नकाशात दिसते तसे बांधतो, त्याने का शंका घ्यावी? ही चूक पकडण्याची जागा कचेरीतले टेबल आहे.

लोखंडाचा हिशेबही तेथेच होतो. सळीच्या जाडीचा, मिलिमीटरमध्ये, वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एक मीटर सळीचे वजन किलोत मिळते. १० मिलिमीटरची सळी ०.६१७ किलो, १२ ची ०.८८९ किलो. हे सूत्र पुस्तकात असतेच. परंतु एका अख्ख्या मजल्याचे बार बेंडिंग शेड्यूल स्वतः करून ते वरिष्ठांच्या लाल पेनाखालून काढल्यावर ते अंगी मुरते. तसेच नकाशाच्या सुधारणांचे. न्हाणीघर दोन फूट सरकले तर त्याखालचा खोलगट स्लॅब सरकायला हवा, नळांच्या नकाशातही बदल हवा, नव्या नकाशावर नवा सुधारणा क्रमांक पडायला हवा आणि साइटवरच्या जुन्या प्रतीवर 'रद्द' असा शिक्का बसायला हवा. एक जुनी प्रत मुकादमाच्या खिशात राहिली तरी घोटाळा होतो.

सरकारी बांधकाम कचेरीत अंदाजपत्रक, राज्य दरसूची, निविदा व मोजमाप पुस्तिका हा अभ्यासक्रमच आहे. मोजमाप पुस्तिकेत नोंद शाईने करायची, खाडाखोड करायची नाही. चुकल्यास आकडा छेदून बरोबर आकडा लिहायचा व आद्याक्षरी करायची. आमच्या बँकेच्या खातेवहीची शिस्तही हीच होती. ठेकेदाराचे बिल या पुस्तिकेवरून निघते. ती वाचता येणाऱ्या अभियंत्याला पुढे कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याचा दरवाजा अस्पृश्य कामगारांना बंद होता, कारण तेथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. काम येत नाही म्हणून नव्हे, तर स्पर्शापायी आपली माणसे त्या खात्याबाहेर राहिली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या सल्ल्याने १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला; आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. नद्यांची मोजणी, धरणांची संकल्पचित्रे व त्यांची तपासणी ही त्याची कामे, म्हणजे बहुतांशी टेबलावरची. अभियांत्रिकीतले निर्णय कोणत्या खोलीत होतात, ते बाबासाहेब जाणून होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका मोठ्या सल्लागार कचेरीत आपल्या एका मुलीला सहा महिने नकाशांच्या घड्या घालणे व झेरॉक्स काढणे एवढेच काम होते. तिच्याबरोबर लागलेले दोघे तेव्हा संगणकावर बसत होते. पहिल्याच दिवशी तिचे आडनाव व गाव बारकाईने विचारले गेले होते. (मोठ्या नकाशाची घडी नाव-क्रमांकाची चौकट वर राहील अशी घालणे हेही कौशल्य आहे, पण ते आठवड्यात येते.) प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम उमेदवाराला देण्यास अधिनियमात मनाई आहे. मात्र कलम दाखवून भांडण्याआधी लेखी मागणी करावी, असे आमचे मत आहे. त्या मुलीने तेच केले. "साहेब, माझ्या प्रशिक्षण कार्यक्रमात तुळयांचे डिटेलिंग आहे, ते केव्हा मिळेल?" असे तिने अर्जात विचारले. तिच्या रोजच्या कामाच्या वहीत सहा महिने एकच मजकूर होता, तीही तिने सोबत जोडली. पंधरा दिवसांत तिला संगणक मिळाला. म्हणून वही रोज लिहावी. "ऑफिस वर्क" असे दोन शब्द लिहून पान भरू नये, कोणता नकाशा, कोणती सुधारणा, कोणी तपासले, ते लिहावे. महिन्यातून दोन-तीन दिवस तरी साइटवर पाठवा, हीही मागणी करावी. आपण काढलेली सळी बांधलेली पाहिल्यावाचून नकाशा पुरता कळत नाही.

वर्ष संपल्यावर नोकरी मिळेलच असे नाही. तसे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवायचे आहे. मात्र उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. तेव्हा पूर्ण वर्षाचे प्रमाणपत्र हाती असणे महत्त्वाचे. रुजू होताना करारनाम्यावर सही झाली का, त्याची मंडळाकडे नोंदणी झाली का, हे पहिल्याच महिन्यात पाहून घ्यावे. नोंदणी नसेल तर वर्षभर टेबलावर बसूनही ते प्रमाणपत्र मिळत नाही.