झेंडा कोणाचा? लेखांक ५ : दोन झेंड्यांचे वऱ्हाड

मागच्या लेखांकात नागपूरचा १९२३ चा झेंडा सत्याग्रह पाहिला. तो वाचून असे वाटू शकते की मध्यप्रांत-वऱ्हाडात झगडा युनियन जॅक आणि चरख्याचा झेंडा या दोघांतच होता. वऱ्हाडपुरते ते खरे नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांवर तिसऱ्याच झेंड्याचा दावा होता, आणि करारनाम्यांवर हा मुलूख त्याचाच होता. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले, पण मालकी सोडली नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले. नागपुरात सत्याग्रही झेंडे घेऊन तुरुंगात जात होते त्याच १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खानने व्हाइसरॉयकडे वऱ्हाड परत मागितले. कापसाच्या जोरावर सोन्याची कुऱ्हाड म्हणवणारा हा मुलूख इंग्रज सोडतील, हे त्याला खरेच वाटत होते का, कोण जाणे. १९२६ मध्ये लॉर्ड रेडिंगने स्पष्ट नकार दिला.

खरी मौज पुढे आहे. १९३५ च्या कायद्यातील संघराज्यासाठी संस्थानिकांची संमती हवी होती, आणि त्यांत निजाम सर्वांत मोठा. त्याला राजी करायचे, पण वऱ्हाड तर द्यायचे नाही. मग १९३६ च्या करारात त्याचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, युवराज आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला, वऱ्हाडच्या मशिदींतील खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, निजामाचे नाव घेण्याचा हक्क मान्य झाला आणि युनियन जॅकसोबत आसफजाही झेंडा फडकवण्याचे ठरले. तो पिवळा, मधोमध कुलचा, म्हणजे गोल रोटी. पहिल्या निजामाला एका सूफी संताने पिवळ्या फडक्यात बांधून कुलचे दिले, अशी त्याची दंतकथा. महसूल, पोलीस, कचेऱ्या मात्र सगळे नागपूरच्या गव्हर्नरकडेच राहिले. भाडेकरूने घर न सोडता दारावर घरमालकाच्या नावाची पाटी लावून द्यावी, तसा हा व्यवहार. माझे म्हणणे एवढेच की झेंडा नेहमी सत्तेची खूण असतो हे गृहीत धरू नये. इथे तो सत्तेच्या बदल्यात दिलेला मोबदला होता, आणि देणाऱ्याला तो फुकटात पडला.

यावर कायद्याचा अभ्यासक म्हणेल की निजामाचा हक्क कागदावर भक्कम होता आणि तिरंग्याला तर तेव्हा कागदाचाही आधार नव्हता. दोन्ही गोष्टी कबूल. पण १८५३ पासूनच्या एकाही करारात वऱ्हाडच्या माणसाला कोणी विचारले नव्हते. दोन दरबारांनी आपसांत केलेली ही देवघेव. तिने जमिनीची मालकी ठरेल, झेंड्याबद्दलची आपुलकी कशी ठरणार? दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : चरख्याचा झेंडा तरी जनतेचा कुठे होता, तो काँग्रेसचा होता. हे नाकारण्यात अर्थ नाही. तो एका पक्षाचाच होता, आणि पक्षाबाहेरच्या अनेकांना तो आपला वाटत नव्हता. फरक इतकाच की तो हाती घ्यायला कोणाचा करार लागत नव्हता. त्याची किंमत घेणाराच तुरुंगात जाऊन मोजत होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र आणले, तेव्हा पक्षाची खूण उतरवून तो सर्वांचा करण्याची गरज सभेलाही पटली होती, असे मी मानतो.

पिवळ्या झेंड्याचा हक्क त्यानंतर फार टिकला नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने खुद्द हैदराबादच भारतात आले. आझम जाहची ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही ओळख मात्र त्याच्या हयातभर राहिली. तिरंगा राष्ट्राचा झाला, तरी तो रोज आपल्या घरावर लावण्याची मोकळीक सामान्य नागरिकाला २००२ च्या ध्वजसंहितेपर्यंत नव्हती. ती अडवणूक कोणत्या युक्तिवादावर उभी होती आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल खटल्यात काय ठरवले, ते पुढच्या लेखांकात.