टायरची हवा पंक्चरविना का जाते? व्हॉल्व्हची तपासणी व दुरुस्ती

सोनपेठ परिसरात ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, टायरगाड्या आणि मोटारसायकली रात्रंदिवस रस्त्यावर असतात. तोडलेला ऊस वाटेत अडकला की त्याचे वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे टायर बसणे हे केवळ पंक्चरच्या पैशांचे नुकसान नसते. हवा गेली की आपण प्रथम बाभळीचा काटा शोधतो. काटा सापडला नाही तर व्हॉल्व्हकडे पाहावे.

मोटारसायकल, मोटार व ट्रॅक्टर यांना बहुधा श्रेडर पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. पितळी नळीच्या आत आट्यांची छोटी पिन, तिला बारीक स्प्रिंग व रबरी सील, आणि वर टोपी एवढीच त्याची रचना. पिनेचे माप बहुतेक वाहनांत सारखे असते, म्हणून अडचणीत मोटारसायकलची पिन ट्रॅक्टरला चालते. जुन्या सायकलचा वॉल ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र वेगळा असतो.

तपासणी सकाळी टायर थंड असताना करावी. व्हॉल्व्ह पुसून टोपी काढावी व तोंडावर साबणाचे पाणी सोडावे. तोंडाशी बुडबुडे आले तर दोष पिनेचा. पिन हलकी आवळून पाहावी. तरीही बुडबुडे थांबले नाहीत तर ती बदलावी. यासाठी चाक खोलावे लागत नाही, फक्त व्हॉल्व्हची चावी लागते. चाकाचा भार जॅकवर घ्यावा, हवा पूर्ण सोडावी आणि मगच पिन काढावी. हवा असताना काढल्यास पिन गोळीसारखी उडते व डोळ्याला इजा होऊ शकते. नवी पिन बोटांच्या जोराइतकीच आवळावी. जास्त आवळल्यास सील चिरते. मागच्या टायरात पाणी भरले असल्यास आधी चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणावा.

टोपीला आपल्याकडे कोणी किंमत देत नाही. कपाशीच्या रानातली धूळ पिनेच्या सीलवर बसली की हवा झिरपू लागते, आणि टोपी ही धूळ बाहेर ठेवते. चार-दोन जादा टोप्या व दोन पिना हत्यारांच्या पेटीत ठेवाव्यात.

बुडबुडे व्हॉल्व्हच्या बुडाशी आले तर गोष्ट वेगळी. ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व्ह उन्हाने व वयाने तडकतो. तो बोटाने वाकवून पाहिला की भेगा दिसतात. त्यावर सोल्यूशन लावून उपयोग नाही. टायरची कड रिंगवरून उतरवून व्हॉल्व्ह नवाच बसवावा लागतो, तोही रिंगच्या छिद्राच्या मापाचा. टायर बदलताना हा व्हॉल्व्ह सोबतच बदलून घ्यावा. जुना राखून वाचतात ते पैसे फारच थोडे असतात.

ट्यूबच्या टायरात व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर ती धोक्याची सूचना समजावी. हवा कमी असताना भार ओढला की टायर रिंगवर सरकतो व ट्यूबला सोबत ओढतो. व्हॉल्व्ह रिंगच्या छिद्रात अडकलेला असल्याने ट्यूब त्याच्या बुडाशी फाटते. काळ्या जमिनीत माती दबू नये म्हणून शेतकामात मागच्या टायरची हवा बेताची ठेवा, असे आम्हीच सांगतो. पण त्याच हवेवर उसाची भरलेली ट्रॉली ओढू नये. शेतकामासाठी १२ ते १५ पौंड ही साधारण मर्यादा आहे. रस्त्यावरील भारासाठी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडा पाळावा. टायर व रिंगवर एका रेषेत रंगाची खूण करावी. खुणा एकमेकींपासून सरकल्या म्हणजे टायर सरकला. तिरका व्हॉल्व्ह पक्कडीने सरळ ओढू नये. हवा सोडून, टायरची कड सुटी करून ट्यूब जागेवर आणावी.

बुडाशी फाटलेल्या ट्यूबला साधे ठिगळ टिकत नाही. मोठ्या ट्यूबला कारागीर नवीन व्हॉल्व्ह उष्णता देऊन जोडतात. मोटारसायकलची ट्यूब सरळ बदललेली स्वस्त पडते.

ट्रॅक्टरचे मागचे चाक व लॉकरिंग असलेली ट्रॉलीची चाके घरी खोलू नयेत. कड रिंगवर बसवताना मागच्या टायरात ३५ पौंडांच्या वर हवा भरू नये. तेवढ्यात कड बसली नाही तर हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा प्रयत्न करावा. हवा भरणाऱ्याने टायरसमोर उभे न राहता लांब नळी वापरून बाजूला थांबावे.