परळ म्हणजे कमळ

तोंडावर गोड आणि मनात भलतंच, अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. हा शब्द मी कित्येक वर्षं बिनदिक्कत वापरला. तो ‘महानुभाव’वरून आला, हे कळलं त्या दिवसापासून जिभेवर येत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी ज्या पंथाचा पाया घातला, त्याच्या नावाची आपण शिवी केली. आणि शिवी देणाऱ्यांना त्या पंथाच्या पोथ्यांत काय आहे, ते ठाऊकच नव्हतं.

ठाऊक होणार कसं? पोथ्यांना कुलूप होतं, तेही अक्षरांचं. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. ‘सकळ’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, शिवाय ‘सुंदरी’, ‘अंकलिपी’ अशा कितीतरी. युक्ती मुळात सोपी: वर्णांची अदलाबदल. माझंच एक उदाहरण देतो. समजा ‘क’ आणि ‘प’ यांनी जागा बदलल्या, ‘म’ आणि ‘र’ यांनीही बदलल्या. आता ‘कमळ’ लिहायला जा, कागदावर ‘परळ’ उमटेल! किल्ली ज्याच्याजवळ त्याला परळात कमळ दिसतं, बाकीच्यांना नुसतं परळ. अशी पानांमागून पानं भरायची, पुन्हा ती घडघडा वाचायची, नकलायची, शिष्याला शिकवायची. हे चाललं शतकानुशतकं. परक्या नजरेपासून ग्रंथ जपण्याचा हेतू होताच, पण सकळ लिपीत लघुलेखनासारख्या खुणाही आहेत. म्हणजे लेखकाची मेहनतही वाचत असणार.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी हे कुलूप उघडलं. पुढे काही महंतांनी पोथ्या अभ्यासकांच्या हाती दिल्या. ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांनी त्यांत आयुष्यं घातली. मराठी गद्य म्हणजे बखरी, अशी समजूत होती. आता समोर आलं म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’: तेराव्या शतकाच्या अखेरचं, ‘ज्ञानेश्वरी’च्या काळातलं, आणि चक्क गद्य. वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणं नव्याने लिहावी लागली.

मला खरी भुरळ पडते ती म्हाइंभटांच्या पद्धतीची. स्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या, त्यांना हा विद्वान ब्राह्मण गाठत गेला, एकेक प्रसंग विचारून घेत गेला. एकाच लीळेबद्दल दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर पोथीत दोन्ही नोंदलेल्या सापडतात. असल्या पाठभेदाला पंथात ‘वासना’ म्हणतात. भक्ताला आपल्या देवाची एकच सलग, गुळगुळीत कथा सांगायचा मोह किती झाला असेल! इथे मात्र एक असं म्हणतो, दुसरा तसं म्हणतो, असं सरळ लिहून ठेवलंय.

आणि त्या पानांत भेटतं काय काय? जेवणखाण, प्रवास, रुसवेफुगवे, बाजारातली बोली. प्रश्नांवर प्रश्न विचारणारी महदाइसा, जिचे ‘धवळे’ मराठीतल्या आद्य कवयित्रीचं काव्य मानले जातात. मासिक पाळीच्या विटाळाबद्दल विचारलं तेव्हा स्वामींनी दिलेलं उत्तर तर आजही घरोघरी वाचावं असं: नाकातून शेंबूड येतो तसाच हाही देहाचा एक स्राव, त्यात विटाळ कसला? पुढे स्वामींमागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी संस्कृतचा आग्रह मोडून काढला, तोही पंथातल्या बायकांसाठी. ग्रंथ संस्कृतात गेले तर म्हाताऱ्या बायांच्या हाती काय उरेल, ही त्यांची काळजी. आपण महानुभावांवर ढोंगाचा आळ घेत होतो, तेव्हा त्यांच्या पेटीत हे होतं.

‘लीळाचरित्रा’ची पोथी हरवली तेव्हा हिराइसा नावाच्या पंथातल्या बाईच्या पाठांतरावरून ती पुन्हा उभी राहिली, अशी आठवण पंथ सांगतो. ज्या बाईसाठी मराठी राखली, तिनेच मराठी ग्रंथ राखला!

ही मराठी महाराष्ट्रापुरती राहिली नाही. पुढे हा पंथ पंजाबात पोचला, तिथून पेशावर आणि काबूलपर्यंत. ज्यांची मायबोली पंजाबी, ती माणसं धर्मग्रंथांसाठी आपली यादवकालीन मराठी शिकली. तिकडे त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणत. कृष्णाचा जयजयकार करणारे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.