एएचटी म्हणजे फक्त बोलण्याचा वेळ नव्हे

सहली विकणाऱ्या कॉल सेंटरमध्ये एएचटी (एका कॉलमागे लागणारा सरासरी वेळ) सतत मोजतात. त्यात केवळ बोलण्याची मिनिटे धरतात, असा समज आहे. प्रत्यक्षात बोलणे, होल्ड आणि कॉलनंतरच्या नोंदी यांची बेरीज करून तिला कॉलसंख्येने भागतात.

दवाखान्यात तपासणीबरोबर केसपेपर लिहिण्याचाही वेळ धरावा, तसेच हे.

त्यामुळे कमी एएचटी म्हणजे चांगले काम, हे समीकरण अपुरे आहे. छत्रपती संभाजीनगरची सहल घ्या. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. विक्रीच्या दबावाखाली घाईत सोमवारी अजिंठा ठरवले, तर ग्राहकाला पुन्हा फोन करावा लागतो. सरासरी घटते, काम वाढते. म्हणूनच वार तपासण्यात गेलेले मिनिट कर्मचाऱ्याचा दोष धरू नये. एएचटीसोबत एफसीआर (पहिल्याच कॉलमध्ये सुटलेल्या प्रश्नांचे प्रमाण) पाहतात, ते यासाठीच.