दरबारातले चितारी

जुन्या वास्तूत त्या काळचा पोशाख घातलेली माणसे पाहुण्यांना जुने जगणे दाखवतात, ही रीत स्टॉकहोमच्या स्कान्सेन संग्रहालयाने 1891 पासून रुजवली. सावंतवाडीच्या राजवाड्यात तिचे अस्सल रूप भेटते. इथे पोशाखाचे सोंग नाही. काम मात्र खरे.

मोती तलावाकाठच्या या जांभ्या दगडाच्या वाड्यात, दरबाराच्या दालनात चितारी कारागीर मांडी घालून गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवतात. गोल पानावर बारीक कुंचल्याने मत्स्यावताराचे खवले उमटत जातात आणि पाहणारा नकळत श्वास रोखतो. दशावतारी संचात 120 पाने : दहा अवतार, प्रत्येकाची बारा, म्हणजे राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या.

छापील पत्ते आल्यावर ही कला विझत चालली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकात तिला वाड्यातच आसरा दिला. खेळणारे आता विरळा. पाने बहुधा भिंतीवरच्या चौकटीत जातात. चितारी कारागिरांची लाखकामाची लाकडी खेळणी मात्र गावातल्या चितारआळीत आजही विकली जातात.