जळके तेल जाते कुठे?

दिवाळी हा दिव्यांचा सण, असे आपण म्हणतो. पण घरातल्या गृहिणीला विचाराल तर ती म्हणेल, हा तेलाचा सण. पणतीत तेल, कढईत तेल, अभ्यंगाच्या वाटीत तेल. या तिन्ही तेलांचा हिशेब आमच्या घरी चोख असतो. चकल्या तळून उरलेले तेल गाळून कोणत्या बरणीत जाते आणि कोणत्या भाज्यांना संपते, हे माझी आई डोळे मिटून सांगेल. पण घरात चौथेही एक तेल असते, आणि त्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. ते दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या पोटात असते.

दसऱ्याला गाडीला हार घालायचा, म्हणून आपण आधी ती मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री खालचा नट सैल करतो, काळेभोर तेल भांड्यात उतरवतो, वरून नवे सोनेरी तेल भरतो, आणि आपण पैसे देऊन घरी येतो. स्कूटर-मोटारसायकलीतून लिटरभर, मोटारीतून तीन-चार लिटर, ट्रकमधून दहा-पंधरा लिटर किंवा त्याहूनही जास्त. हे काळे तेल पुढे जाते कुठे, हा प्रश्न मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तो पडला आमच्या कूलरमुळे.

आमचे घर नागपूरच्या महाल भागात, आजोबांनी बांधलेले. सागवानी वासे, मागे परसदार आणि परसात विहीर. प्यायला नगरपालिकेच्या काळापासून नळ आहे. विहिरीचे पाणी झाडांना, धुण्याला आणि उन्हाळ्यात कूलरला. घराला एकच दुखणे: वाळवी. कोणीतरी मला सांगितले, 'मिस्त्रीकडचे जळके तेल लावा, वाळवी जवळ फिरकणार नाही.' फुकटचे औषध कोणाला नको असते? दर वेळी गाडीचे तेल बदलले की मी डबा भरून घरी आणू लागलो. वाशांना ब्रशाने हात द्यायचा, चौकटी पुसून काढायच्या, आणि उरलेले तेल मागच्या भिंतीच्या पायाशी चर खणून ओतून द्यायचे. सात-आठ वर्षे हा उद्योग चालला. आई समाधानाने म्हणायची, "तेल आहे रे ते. नालीत कशाला घालवायचं?" भिंत आणि विहीर यांत अंतर होते पाच-सहा हातांचे. मराठीचा प्राध्यापक काव्यातले अंतर मोजतो. जमिनीखालचे मोजायला त्याला कोण शिकवणार?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सौ.चे भाऊ-भावजय पुण्याहून आले. पुणेकर मे महिन्यात नागपुरास येतात हेच मुळात नवल. तेव्हा त्यांच्यासाठी कूलरला नव्या ताट्या लावल्या होत्या. विहिरीचे पाणी तळाशी गेले होते. पंपाने ते खेचले, कूलरची टाकी भरली, पंखा सुरू केला आणि वाळ्याच्या सुवासाऐवजी खोलीभर गॅरेजचा वास पसरला. भावजय मोठ्या सभ्य. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्याकडे गाडी घरातच ठेवता का हो?"

सकाळी बादलीत पाहिले तर पाण्यावर सप्तरंगी तवंग. आई बराच वेळ कठड्याशी उभी राहिली. "विहिरीला तेल लागलं," एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी फारशी बोलली नाही.

मी लगेच पंप लावून विहीर उपसायला निघालो. नळी नालीत सोडली आणि बटन दाबणार, तोच माझी नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, पण हे पाणी जाईल कुठे?"

जाईल कुठे? महालातली नाली नाग नदीत जाते. ज्या नदीवरून आमच्या शहराचे नाव पडले ती ही नदी. वाडीजवळच्या लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघून ती शहराच्या मधून वाहते, पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे धरण आहे. म्हणजे माझ्या विहिरीतले पाप मी पंपाने पवनीच्या शेतकऱ्याच्या पाटात पाठवायला निघालो होतो! एका वेळच्या तेलबदलातले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. मी तर सात-आठ वर्षांचे डबे रिचवले होते. आणि हे कोणत्या गावात? जिथे १९५८ पासून पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या प्रश्नांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, आजची 'नीरी', उभी आहे त्या गावात.

नळी गुंडाळून ठेवली. जुनी सुती धोतरे आणि कापूस घेऊन आम्ही बापलेक कित्येक आठवडे तवंग टिपत बसलो. त्या उन्हाळ्यात कूलरला नळाचे पाणी जपून वापरले, आणि विहिरीवर फळी टाकली.

मग मिस्त्रीकडे गेलो. म्हटले, "मिस्त्री, माझ्या गाडीतून निघालेल्या तेलाचं तुम्ही काय करता?"

"ड्रममधी जमा करतो जी. पंधरा दिवसानं एक पोरगा टेम्पो घेऊन येते, पैसे देते, घेऊन जाते."

"कुठं नेतो?"

"ते नाही विचारलं जी कधी. थोडं सेंट्रिंगवाले बी नेतात. अन् सर, तुम्हीच नाही का डबा भरून नेत होते? तुम्हाला मी विचारलं का कधी, काऊन नेता म्हणून?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण त्या दिवसापासून मी या तेलाची कुळकथा शोधू लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की या तेलाला आपण 'जळके' म्हणतो हेच चूक. तेल फारसे जळत नाही, ते मळते. इंजिनात फिरता फिरता त्यात काजळी मिसळते, झिजलेल्या धातूचा कीस उतरतो, पाण्याचा आणि पेट्रोल-डिझेलचा अंश येतो, आम्ले तयार होतात, आणि कारखान्यात घातलेली पूरक रसायने संपत जातात. मूळ तेल मात्र बव्हंशी तसेच राहते. धोतर मळले म्हणून कोणी फेकून देत नाही. ते धुवायचे असते. तेल धुण्याचीही रीत आहे. आधी गाळ खाली बसू द्यायचा, मग तापवून पाणी आणि हलके इंधन उडवायचे, मग हवा काढून घेतलेल्या भांड्यात, म्हणजे कमी दाबाखाली, त्याचे ऊर्ध्वपातन करायचे आणि शेवटी विशिष्ट मातीने, द्रावकाने किंवा हायड्रोजनच्या प्रक्रियेने ते स्वच्छ करायचे. पूर्वी हे काम गंधकाम्लाने करीत. पण त्यातून आम्लयुक्त डांबरासारखा गाळ उरे आणि एक घाण काढताना दुसरी तयार होई. अमेरिकेच्या त्याच संस्थेचा हिशेब असा, की जेवढे वंगण ४२ गॅलन कच्च्या तेलातून निघते तेवढे एक गॅलन वापरलेल्या तेलातून परत मिळते. आपला देश कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. चकलीचे तेल गाळून ठेवणाऱ्या आईला हा हिशेब मी सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग इतकी वर्षं तू काय केलंस?"

धुतले नाही तर हे तेल चार वाटांनी जाते. पहिली वाट नालीची. दुसरी सेंट्रिंगच्या फळ्यांची. काँक्रीट चिकटू नये म्हणून त्यांना ते फासतात आणि पहिल्या पावसात ते खाली उतरते. तिसरी भट्ट्यांची, तिथे ते स्वस्त इंधन म्हणून जळते आणि त्यातले धातू धुरातून आपल्या छातीत येतात. चौथी वाट सर्वांत हुशार: वरवर गाळलेले तेल नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून पुन्हा तुम्हालाच विकायचे. या तेलात कर्करोगाला कारण होऊ शकणारे काही हायड्रोकार्बनही असतात. मिस्त्रीच्या हाताखालचा पोऱ्या दिवसभर त्यात कोपरापर्यंत हात घालून असतो, हे आपण रोज पाहतो आणि विसरतो.

मग कायदा झोपला आहे का? मुळीच नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे नियम आले. नियमांची गरज किती होती हे आपल्याच महाराष्ट्रात दिसले. वंगणतेलाच्या नावाखाली परदेशातून आलेले घातक टाकाऊ तेलाचे १३३ कंटेनर न्हावाशेवा बंदरात पडून होते. ते तेल देखरेखीखाली भट्टीत नष्ट करावे आणि त्याचा खर्च आयातदारांनी सोसावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये दिला. दुसऱ्याच्या घरचा केर आपल्या दारात येतो तेव्हा त्यावर अत्तराची चिठ्ठी लावलेली असते, हा त्यातला धडा.

२०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. पुनर्वापराला जाणाऱ्या तेलात शिसे दहा लाख भागांत १०० भागांपेक्षा आणि आर्सेनिक ५ भागांपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा त्यात घातली आहे. माल ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. तो परवानगी असलेल्यालाच द्यायचा. आणि सोबत सात प्रतींचे चलन असायचे, प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची. एक पाठवणाऱ्याजवळ, एक वाहतूकदाराजवळ, एक घेणाऱ्याजवळ, बाकीच्या मंडळाकडे आणि परत पोचपावतीला. हे वाचले तेव्हा मला विहिरीवरचा सप्तरंगी तवंग आठवला. तेलाचे सात रंग कागदावर उमटले असते तर ते पाण्यावर उमटले नसते.

सप्टेंबर २०२३ मध्ये या नियमांत भर पडली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. तिचे सूत्र सोपे आहे: जो तेल विकतो त्याने ते परत येण्याची जबाबदारी घ्यावी. वंगण तयार करणाऱ्यांनी व आयात करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी ५ टक्क्यांपासून सुरुवात करून पायरीपायरीने ५० टक्क्यांपर्यंत पोचायचे आहे. त्यासाठी ते नोंदणीकृत शुद्धीकरण करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घेतात. तेल गोळा करणाऱ्यालाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. जर्मनीत तर मोटारीचे नवे तेल विकणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून तेवढेच जुने तेल फुकट परत घ्यावे लागते.

हलगर्जीपणाची किंमत काय होते, हे अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या टाइम्स बीच या गावाला विचारावे. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यांची धूळ बसावी म्हणून टाकाऊ तेल शिंपडले. ज्याने ते शिंपडले त्याने त्यात एका रासायनिक कारखान्याचा गाळही मिसळलेला होता, आणि त्या गाळात डायॉक्सिन नावाचे जहर होते. त्याच माणसाने घोड्यांच्या पागांतही हे तेल शिंपडले होते. तिथले घोडे मेले. १९८२ च्या अखेरीस टाइम्स बीचला पूर आला आणि १९८३ साली सरकारला सुमारे दोन हजार वस्तीचे ते सारे गाव विकत घेऊन रिकामे करावे लागले. एका तेलाच्या आडून दुसरे काय येईल याचा नेम नसतो, म्हणूनच ती सात रंगांची चलने.

आता प्रश्न उरतो तो आमच्या मिस्त्रीचा. श्रीनगर-कन्याकुमारी आणि पूर्व-पश्चिम असे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या आमच्या शहरात असे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. नियम पाळणाऱ्याला परवानगीचा, यंत्राचा, उरलेल्या गाळाच्या विल्हेवाटीचा खर्च येतो. टेम्पोवाल्या पोराला यातला एकही खर्च नाही. म्हणून तो ड्रममागे जास्त पैसे देऊ शकतो. तेल शेवटी पैशाच्या उताराने वाहते. कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा पैसा हा उतार बदलण्यासाठीच आहे. पण तो गल्लीतल्या ड्रमपर्यंत पोचायचा तर कोणीतरी तिथे उभे राहून विचारले पाहिजे.

मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो आणि हे सारे सांगितले. त्याने हातमोजे घालायचे कबूल केले, ड्रमवर झाकण आणले. पण नोंदणी असलेल्यालाच तेल देशील का, म्हटल्यावर तो हसला. "सर, तुम्ही एकटेच विचारता जी. दहा गिऱ्हाईकं विचारतील, तवा मी बी त्याले पावती मागीन."

त्याचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. आमच्या स्टाफरूममधले चार जण त्याच्याच कडे गाड्या नेतात. त्या चौघांना मी तयार केले आहे. उरलेले पाच जण, वाचकहो, मी तुमच्यात शोधतो आहे. तुमचा मिस्त्री वेगळा असेल; प्रश्न तोच विचारा. तेल घरी आणू नका. घरीच बदलत असाल तर झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. त्यात रॉकेल, ब्रेकचे तेल, रंगाचा थिनर, रेडिएटरचे पाणी मिसळू नका, कारण मिसळलेले तेल धुणे कठीण. नव्या तेलाचा डबा सील पाहूनच घ्या आणि रिकामा झाला की भोक पाडून टाका, म्हणजे त्यात चोराचे तेल भरता येणार नाही.

वाळवीसाठी आम्ही जाणकार माणूस बोलावला. विहिरीवर या पावसाळ्यानंतर तवंग दिसलेला नाही. तरी पाण्याची तपासणी होईपर्यंत फळी काढायची नाही, असे ठरले आहे. दर दिवाळीला विहिरीच्या कठड्यावर पहिली पणती लावायची आईची रीत. गेली दोन वर्षे तिने ती लावली नाही. "आधी तिला बरं वाटू दे," म्हणाली.

परवा पणत्या भिजत घालताना तिने एक पणती बाजूला काढून ठेवलेली मी पाहिली. कुणासाठी, ते मी विचारले नाही.