३२ गाठींचा धसका

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती पडतो आणि त्यातली अर्धीच ओळ घरभर फिरते: ‘३२ गाठी निघाल्या.’ पुढचे ‘पैकी २ मध्ये आजार’ हे शब्द वाचायला कोणाला धीर नसतो. संध्याकाळपर्यंत नात्यातला एखादा जाणता निकाल देऊन मोकळा होतो: गाठीत उतरलं म्हणजे संपलंच, आता केमोचा छळ कशाला!

या निकालापायी उपचार सोडले जातात, म्हणून तो नीट खोडून काढायला हवा.

त्या ३२ गाठी मुळात आजाराच्या नव्हेतच. जठराभोवती लसिका ग्रंथी सगळ्यांनाच असतात, ठणठणीत माणसालाही. सर्जन जठरासोबत त्या आजूबाजूच्या चरबीसकट काढतात आणि पॅथॉलॉजिस्ट एकेक हुडकून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. निदान १६ तरी तपासाव्यात, अशी कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाची शिफारस आहे. तेव्हा ३२ हा आकडा काम नीट झाल्याचा. धास्ती घ्यायचीच तर ‘५ तपासल्या, पाचही स्वच्छ’ अशा रिपोर्टची घ्यावी. न तपासलेल्यांत काय दडलं होतं, कोण सांगणार?

याच वर्गीकरणात एक-दोन ग्रंथींत आजार असेल तर एन१, तीन ते सहा असतील तर एन२, सातपासून पुढे एन३. पण एवढ्यावर स्टेज ठरत नाही. कॅन्सर जठराच्या भिंतीत किती खोल गेला, तेही पाहतात. १५ देशांतल्या २५,४११ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आजच्या स्टेज त्यावरच बेतल्या आहेत. त्यात वरच्या थरातच राहिलेला, पण एक-दोन ग्रंथींत गेलेला कॅन्सर पहिल्याच स्टेजमध्ये, १बी मध्ये मोडतो. त्या स्टेजचे सुमारे ८८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. उलट एकाही ग्रंथीत नसलेला, पण भिंत भेदून बाहेरच्या आवरणापर्यंत आलेला कॅन्सर २बी मध्ये जातो. तिथे हे प्रमाण ६८ टक्के. आता सांगा, ‘गाठीत उतरलं’ एवढ्यावरून काय कळलं?

यातले बहुतेक रुग्ण जपान-कोरियाचे, त्यामुळे हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. शिवाय १६ किंवा अधिक ग्रंथींत आजार असला तर चित्र खरोखरच अवघड असतं. तिथे खोटा धीर देण्यात अर्थ नाही.

राहिला केमोचा ‘छळ’. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या जपानी रुग्णांना ऑपरेशननंतर वर्षभर एस-१ हे केमोचं औषध दिलं, तेव्हा पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ६१ वरून ७२ टक्क्यांवर गेलं.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो, मग इतक्या ग्रंथी काढायच्याच कशाला? नेदरलँड्समधल्या चाचणीत अधिक ग्रंथी काढलेल्या गटात १५ वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू ३७ टक्के होते, कमी काढलेल्या गटात ४८.

मग महाधमनीजवळच्याही ग्रंथी सरसकट काढाव्यात? जपानमध्ये ५२३ रुग्णांच्या चाचणीत ते करून पाहिलं. २००८ च्या निष्कर्षांत फायदा दिसला नाही.

आणि जठर पूर्ण काढल्यावर जेवता येत नाही, हेही खोटं. येतं, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. बी-१२ मात्र जन्मभर घ्यावं लागतं.